मथुरेची पेटी

परंडा, १२ जानेवारी १९४४

सौ. मथुरेस बब्रुवानाचा प्रभूत सलाम.

हनीफ गाडीवान उद्या सरकी घेऊन बार्शीला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे तुला वाचून घ्यायला भावजयीपुढं धरावं लागणार नाही. ती बाळंतपणातून उठली आणि बाळानं बाळसं धरलं असं हनीफ सांगत होता. आनंद वाटला. तू तिच्या बाळंतपणासाठीच गेली होतीस, तेव्हा नाताळपर्यंत येशील असा माझा हिशेब होता. म्हणून मी संध्याकाळचा फाट्यापर्यंत जाऊन यायचो. दुसरं काही काम नव्हतं, तेवढेच पाय मोकळे.

माझं बरं आहे. सकाळी उठतो, अंगण झाडतो, लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले देतो. टोले मीच देतो आणि उपासनेलाही मीच येतो. गीताची पहिली ओळ म्हणतो, दुसरी तू धरायचीस तिथं जरा थांबतो, आणि मग तीही मीच म्हणतो. थांबायची सवय काही जात नाही. भाकरी अजून एका अंगानं करपते, दुसऱ्या अंगानं कच्ची राहते. मधलं तेवढं खातो.

गावोगाव जाणं चालू आहे. चित्रांची गुंडाळी खांद्यावर, औषधाची पिशवी हातात. दोघा-दोघांनी जावं असा आपल्या मिशनचा नेम आहे. तो कशासाठी ते आता कळतंय. एकटा पुरुष पिशवी घेऊन वस्तीत शिरला की देवी टोचणारा आला म्हणून बाया लेकरं उचलून आत पळतात. तू बरोबर असलीस की त्याच बाया पाणी हवंय का विचारायला तरी पुढं यायच्या. परवा एका वस्तीवर मी कड्या लावलेल्या दारांपुढं उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. अर्धी सोडून कशी द्यायची, म्हणून सगळी सांगितली. एक शेळी शेवटपर्यंत ऐकत होती.

बाजारच्या दिवशी तांबोळ्याच्या पालाशेजारी बसतो. सभा म्हटलं की पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची इजाजत लागते, म्हणून सभा म्हणायचं नाही, बसलोय म्हणायचं, हे तुला माहीतच आहे. गेल्या बाजारी एकानं विचारलं, "पाद्रीबाबा, तुमच्या देवाला तुमची बाई बार्शीहून आणवंना, तर आमाला काय आणून देनार त्यो?" सगळे हसले. मीही हसलो. गोळ्या मात्र त्यानंच जास्तीच्या मागून नेल्या.

मी आजारी होतो असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. हिवतापच होता, येतो आणि जातो.

मिशनच्या साहेबांनी पुन्हा विचारलंय, बार्शीच्या बोर्डिंगावर शिकवायला याल का म्हणून. मी त्यांना तेच कळवलं जे तुला सांगत आलोय. इतकी वर्षं इथं काढली, एक तरी माणूस प्रभूचा होऊ दे, एका तरी माणसाचा बाप्तिस्मा होऊ दे, मग निघू. तू जाताना काय म्हणालीस ते विसरलो नाही. "इथं माणसं औषधाला येतात, जेवायला कुणी येत नाही," म्हणालीस.  

तुझी पेटी जागच्या जागी आहे. रोज फडक्यानं पुसतो. पेटी इथं आहे म्हणजे तू गेलीस असं काही म्हणता येत नाही.

बब्रुवान


परंडा, २ फेब्रुवारी १९४४

सौ. मथुरेस सलाम.

हनीफनं तुझी शेंगदाण्याची चटणी पोचवली. चिठ्ठी नव्हती. चटणी चांगली आहे.

आज लिहायला कारण घडलंय. घाणेवाल्या शिवलिंगप्पाची विधवा बहीण, लक्ष्मम्मा, जिच्याशी तू दुपारची पायरीवर बसून बोलायचीस, ती आली. ती उंबऱ्यात बसली, मी बाहेर अंगणात. मधे एवढं ऊन की येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघं नीट दिसावेत. बराच वेळ ती नुसती घरात बघत होती. मग म्हणाली, "अक्का कवा यायच्या?"

येईल म्हणालो.

"मला तुमच्या देवात यायचंय," ती म्हणाली. "पर माजा हात अक्कांनी धरायचा."

मथुरा, मी उभाच राहिलो. आपल्याला वाटतं असं काही झालं तर आपण गुडघे टेकू.  मी मात्र साहेबांनी शिकवलंय तसं विचारलं, बाई, प्रभूविषयी तुला काय ठाऊक आहे? चित्रं दाखवली तेव्हा काय ऐकलंस? तर म्हणते, चित्रं लांबून नीट दिसली नाहीत, आणि तुमचं बोलणं लांबलं की मी घाण्याकडं जायची.

"मग?"

"अक्का माज्या डोस्क्याला तेल लावायच्या. नवरा गेल्यापासनं माज्या केसाला कुनी हात लावला न्हवता. म्या इचारलं, अक्का, तुमास्नी काई वाटत न्हाय का? तर म्हनल्या, आमच्या प्रभूनं महारोग्यांना हात लावला, तुजं तर नुसतं केसच हायत."

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मी समजत होतो तुम्ही दोघी उवा मारत बसता.

आता नियमाचं सांगतो. स्त्रीचा बाप्तिस्मा असेल तर शेजारी मिशनची बाई उभी पाहिजे, कपडे बदलायला, हात धरायला. परंड्यात मिशनची बाई तू. तेव्हा नियमाप्रमाणं तुला यावं लागेल. मी माझ्यासाठी लिहीत नाही. मला चटणी पुरते आहे.

बब्रुवान


परंडा, ४ मार्च १९४४

सौ. मथुरेस सलाम.

उत्तराची वाट पाहत कामाला लागलो. बाप्तिस्मा पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ९ एप्रिलला ठरवलाय. साहेबांच्या मोटारीला पेट्रोल मिळत नाही, तुम्हीच द्या असं त्यांनी अधिकाराचं पत्र पाठवलं.

अधिकार मिळाला, पाणी कुठं आहे? आपल्यात डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही, माणूस सबंध बुडाला पाहिजे. लढाई लांब चालू आहे आणि पाऊस आपल्याकडं कमी पडतोय, दोन्हींचा संबंध नसेल, पण दोन्ही एकदमच आलेत. सीना नदीत नुसती डबकी राहिलीत. किल्ल्याच्या खंदकात शेवाळ आणि म्हशी. गावच्या बारवेत उतरायचं तर आपल्याला पहिल्या पायरीवरूनच हाकलतील, आणि लक्ष्मम्मेलाही त्या दिवसापासून हाकलतील. चार दिवस पाण्यापायी हिंडलो. माझ्या टाचांच्या भेगांत आता रुपया उभा राहील.

शेवटी आयुबभाईच्या मळ्यावर गेलो. त्याच्या विहिरीला अजून झरा आहे. मोट ओतते तिथं थारोळं, आणि थारोळ्याला लागून दगडी हौद आहे, माणसाच्या कमरेइतका. लाजत विचारलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बाबा, पानी तो वांग्यालाच जानार आखिर. वांगी किरिस्ताव झाली तर बाजारात खपतील ना?"

मी म्हणालो, चवीत फरक पडणार नाही.

"फिर घ्या. पहाटेपासून बैल जुंपतो, हौद भरायला टाइम लागतो."

मथुरा, एवढ्या वर्षांत या गावात मला इतकं सोपं हो कुणी म्हटलं नव्हतं. बांधावर बसलो आणि उगीच वहाणेचा अंगठा नीट करत राहिलो.

पांढऱ्या कापडाचीही सोय झाली. कंट्रोलच्या दुकानापुढं तीन सकाळी रांगेत उभा होतो. मांजरपाट आहे, जाड आहे, पण पांढरं आहे. बाप्तिस्म्याला पांढरंच लागतं. आता फक्त तू यायची राहिलीस.

हनीफ म्हणाला, तुझ्या भावानं तुला अंगणात वेगळी खोली बांधून दिली. पत्र्याची की माळवदाची, ते त्यानं सांगितलं नाही.

बब्रुवान


परंडा, २६ मार्च १९४४

सौ. मथुरेस सलाम.

माझ्या हातून घोटाळा झालाय. तू असतीस तर झाला नसता.

परवा लक्ष्मम्मेला पांढरं कापड दाखवलं. घडी उलगडून उंबऱ्यावर ठेवली आणि मोठ्या हौसेनं सांगायला लागलो की पांढरं म्हणजे धुतलेलं मन, नवा जन्म. तिनं कापडाला हातसुद्धा लावला नाही. अंगावरचा पदर पुढं धरला. पदर पांढराच होता. रोज बघतो, पण मला तो कधी दिसलाच नव्हता.

म्हणाली, "बाबा, ह्ये म्या लई वर्सं नेसले. मेल्या माणसाचं म्हनून नेसले. आता जित्या देवाकडं जायचं, तर पुन्यांदा त्येच?"

नियम आहे, मी म्हणालो.

"कुनाचा?"

 साहेबांच्या देशात नवरी पांढरं नेसते असं मी ऐकलंय. त्यांनी आपल्या नवरीला बघून नियम केला असेल. आपल्या विधवेला बघून केलेला नाही. एवढं मला आधी कळायला हवं होतं. पण मी रांगेत उभा राहण्यातच धन्यता मानत होतो.

ती उठून गेली. जाताना म्हणाली, अक्कांनी एकदा पेटी उघडली होती तेव्हा हिरवं लुगडं बघितलं होतं. रंग अजून डोळ्यांपुढं आहे म्हणाली. मागितलं नाही, नुसतं सांगितलं.

तुझ्या आईनं दिलेलं हिरवं लुगडं ते. मी या गोष्टीवर दोन दिवस विचार केला. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग मला ऐकावं लागलं असतं. तुला विचारतोय. लुगडं तिला देऊ का? पेटीचं कुलूप मी तोडणार नाही. तुझ्या गैरहजेरीत तुझ्या पेटीत हात घालणं मला जमायचं नाही. तू आलीस तर तुझ्या हातानं काढून देशील. नाही आलीस तर हनीफजवळ किल्ली दे.

तू आली नाहीस तर तिचा हात कोण धरणार, हे मला माहीत नाही. सणाला दोन आठवडे आहेत. नाही म्हणायचं असेल तरी तोंडी निरोप पाठव. चटणीवरून मला अर्थ लागत नाही.

मी पेटीसमोर बसूनच हे लिहितोय. घरात टेकायला दुसरं काही नाही.

बब्रुवान


परंडा, ९ एप्रिल १९४४

सौ. मथुरेस सलाम.

किल्ली मिळाली. शुक्रवारी हनीफनं आणून दिली आणि निरोप सांगितला. तुझं बोलणं जसंच्या तसं सांगतोय असं शपथेवर म्हणाला. "लुगडं तिला द्या. पेटी माझी आहे. ती हातानं आणून द्या."

बरं. पेटीही मागितलीस. समजलो.

पेटी उघडली. मला वाटत होतं वरून काही काढावं लागेल, तुझी चोळ्यांची बोचकी, गोधडी, आईचा आरसा. काही नव्हतं. तळाशी लिंबाच्या वाळक्या पाल्यावर एकटं हिरवं लुगडं होतं. तू जाताना गाठोडं एवढं मोठं का होतं ते आता कळलं. म्हणजे मी इतके दिवस रिकाम्या पेटीवरची धूळ पुसत होतो. असो. लाकूड छान चकाकतंय.

आता बाप्तिस्म्याचं लिहितो. ते तुझं आहे, तुला कळलंच पाहिजे.

पहाटे मळ्यावर पोचलो तेव्हा मोट चालू झाली होती. बैल धावेवरून खाली जात होते, वर येत होते, आणि आयुबभाई मोटेवरचं गाणं म्हणत होता. सणाचं गीत मी मनातच ठेवलं. ते गाणं मधेच तोडावंसं वाटेना. लक्ष्मम्मा भावाबरोबर आली. शिवलिंगप्पा बांधाच्या अलीकडं आला नाही. तिनं गळ्यातलं लिंगाचं शिवदार काढलं, कपाळाला लावलं आणि भावाच्या ओंजळीत ठेवलं. तो ओंजळ तशीच धरून पाठमोरा उभा राहिला.

लुगडं नेसायला ती मोटेच्या खोपीत गेली. बाहेर आली तेव्हा आयुबभाईचं गाणं आपोआप थांबलं. मथुरा, ती इतकी तरणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला आपल्या वयाची धरत आलो होतो.

हौदाच्या काठाला शेवाळ. मी आत उतरून उभा. तिनं पाय टाकला आणि थांबली. माझ्या हाताकडं बघितलं, मग रस्त्याकडं. कुणाची वाट बघत होती ते तुला सांगायला नको. मीही रस्त्याकडंच बघत होतो.

तेवढ्यात आयुबभाईची आई, गुलबानो, काठी टेकत आली. "तुमच्या देवाधरमाचं मला काय समजत न्हाय," म्हणाली, "पर पोरगी घसरंल." काठी टाकली, काठावर बसली आणि लक्ष्मम्मेचा हात मनगटापाशी घट्ट धरला. लक्ष्मम्मा बुडाली तेव्हा म्हातारीची बाही खांद्यापर्यंत भिजली. तिनं हात सोडला नाही.

शेजारी मिशनची बाई पाहिजे असा नियम आहे. मी अहवालात लिहिलं, एक बाई हजर होती.

पाणी दांडानं वांग्यांकडं गेलं. इतक्या वर्षांनी एक माणूस झालं, आणि मला काय वाटलं म्हणशील? दमलो असं वाटलं. ओल्या धोतरानं उन्हात बसावं आणि उठूच नये असं वाटलं.

पेटी सवड झाली की पाठवतो.

बब्रुवान


परंडा, २० एप्रिल १९४४

सौ. मथुरेस सलाम.

हे पत्र मी आयुबभाईच्या खोपीत बसून लिहितोय. इथंच राहतोय सध्या. कसं झालं ते ऐक.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी शिवलिंगप्पा आपल्या अंगणात आला. बहिणीची वाकळ आणि तेलाचा डबा त्यानं पायरीवर ठेवला. रागानं नव्हे. "बाबा, घरात ऱ्हा म्हनलं असतं," म्हणाला, "पर घाण्याचं तेल उद्या कोन घेईल? तेल मी धाडत जाईन. त्येवढं तिला कमी पडायचं न्हाय." डोळे पुसत गेला. मागून लक्ष्मम्मा आली, धुतलेलं हिरवं लुगडं पिळून हातात घेतलेलं.

दोन खोल्यांचं घर. तिला घर दिलं, मी ओसरीवर अंथरूण टाकलं. तिसऱ्या दिवशी हनीफ गाडी थांबवून म्हणाला, "बाबा, गाव म्हंतंय, म्हाताऱ्यानं दुसरी केली." तो हसत होता, पण सांगायलाच थांबला होता. मी गुंडाळी उचलली आणि मळ्यावर आलो. आयुबभाईनं विचारलंसुद्धा नाही, बाज झटकून दिली. म्हणजे बघ, इतकी वर्षं एका माणसासाठी बसलो, ते एक माणूस आलं आणि मला घराबाहेर पडावं लागलं.

सकाळी टोले मात्र वेळेवर पडतात. ती देते. परवा उपासनेला गेलो तर पायरीवर तिच्यासमोर एक बाई केस सोडून बसलेली. मांगवाड्यातली असावी. दुसरी भिंतीशी वाट बघत उभी. तेलाचा डबा उघडा. मी गीताची पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबलो. तिनं दुसरी धरली. चाल चुकीची होती. तुझ्याकडून जशी ऐकली तशीच असणार, कारण तूही तिथंच चुकतेस.

उपासना झाल्यावर मी तिला सहज म्हणालो, अक्कांनी पेटी परत मागितलीय, हनीफच्या गाडीत घालून देतो. ती कंगवा हातात धरून हसायला लागली.

"हातानं म्हनल्या न्हवं अक्का?"

हो.

"हनीफ तर दर आठवड्याला बार्शीला जातोय, बाबा. त्याच्या गाडीतनं पायजे असती तर त्यालाच सांगितलं असतं की. तुमी येवढं लिवता-वाचता, आनि ह्ये कळंना?"

मी घरात जाऊन पेटीजवळ उभा राहिलो. 

साहेबांना कळवलंय, बार्शीला येतो म्हणून. बोर्डिंगावरची शिकवण्याची जागा भरली, आता फक्त दारावर बसायचं काम शिल्लक आहे म्हणतात. बसेन. बसायचा सराव आहे. इथं लक्ष्मम्मेला मिशनची बाई म्हणून ठेवावं असंही लिहिलंय. तिला वाचता येत नाही असं साहेब म्हणतील. तेल लावता येतं, असं मी उत्तर लिहून ठेवलंय. गुलबानो रात्रीची सोबतीला जाते. दोघींत काय बोलणं चालतं कोण जाणे, एकीची घरची बोली कानडी, दुसरीची दखनी, पण हसण्याचा आवाज मळ्यापर्यंत येतो.

एक माणूस झालं की निघू म्हणालो होतो. तुला खरं वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

शनिवारी निघतो. हनीफ शेजारी बसवून नेणार आहे, पेटी माझ्या मांडीवर. हलकी आहे. संस्थानच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर नाकेदार जकातीसाठी उघडायला लावेल. आत काहीच नाही बघून विचारेल, बाबा, रिकामी पेटी सरहद्दीपार कशाला नेता? आधी वाटलं, काहीतरी थाप मारावी. पण आता ठरवलंय, खरं तेच सांगायचं. बायकोनं मागवलीय, म्हणेन.

तुझी खोली पत्र्याची असली तरी चालेल.

बब्रुवान